जपानच्या स्की हंगामात बर्फाचा माग कसा ठेवायचा: नोव्हेंबर ते मे, टप्प्याटप्प्याने

स्की रिसॉर्टच्या पानावर ‘बर्फ ३२० सेंटीमीटर’ असं दिसतं. आपण रजा टाकतो, तिकीट काढतो, आणि तिथे पोचल्यावर पायाखाली काचेसारखा कडक थर लागतो. आकडा खोटा नसतो. तो दोन महिन्यांत साठलेल्या बर्फाचा असतो. काल रात्री किती पडला, पडल्यावर पाऊस झाला का, वाऱ्यामुळे वरची लिफ्ट बंद आहे का, यातलं काहीच तो सांगत नाही.

तोक्योत निशी-कासाईला राहून शनिवारी युझावाचे स्की उतार गाठणारे असोत की पुण्या-मुंबईहून फेब्रुवारीतला एक आठवडा ठरवणारे असोत, बहुतेकांची चूक एकच असते: दोन रिसॉर्टचे आकडे शेजारी ठेवून मोठा आकडा निवडायचा. प्रत्येक ठिकाणी मोजण्याची जागा, उंची आणि वेळ वेगळी असते, त्यामुळे ही तुलना टिकत नाही. एका ठिकाणाची तुलना त्याच ठिकाणाशी, त्याच तासाला करायची. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आहेत.

## तयारी: आधी शब्द पक्के करा

ब्राउझरचं भाषांतर इथे हमखास गोंधळ घालतं. पुढचे दोन शब्द ते कधी कधी एकाच अर्थाने दाखवतं.

सेकिसेत्सु म्हणजे जमिनीवर आत्ता असलेल्या बर्फाची जाडी. कोसेत्सु म्हणजे ठरावीक वेळात पडलेला बर्फ. पहिला साठा, दुसरी आवक. धरणातलं पाणी आणि काल झालेला पाऊस यांत आपण कधी गल्लत करत नाही. इथेही करू नका.

रिसॉर्टच्या अहवालात आणखी काही शब्द येतात. शिनसेत्सु म्हणजे ताजा बर्फ. आस्सेत्सु म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेला उतार, आणि हि-आस्सेत्सु म्हणजे न दाबलेला. सानचो हा माथा, सानरोकु हा पायथा. लिफ्टपुढे उन्क्यू लिहिलं असेल तर ती बंद आहे, आणि बहुतेक वेळा शेजारीच कारण असतं: क्योफू, म्हणजे जोराचा वारा. हे शब्द जपानी लिपीत कसे दिसतात ते एकदा कागदावर उतरवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण पूर्ण हंगाम उपयोगी पडतं.

वेळेचा हिशोबही आत्ताच करा. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे ६ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे २:३०. भारतातून माग ठेवणाऱ्याने वहीत फक्त जपानी वेळ लिहावी. दोन्ही वेळा मिसळल्या की आठवड्याभरात नोंदी निरुपयोगी होतात.

## टप्पा १: आपलं मोजणी केंद्र ठरवा

जपानी हवामान संस्थेचं आमेदास नावाचं स्वयंचलित केंद्रांचं जाळं देशभर पसरलेलं आहे. त्यातली तीनशेहून अधिक केंद्रं बर्फाची जाडी मोजतात आणि दर तासाला आकडा देतात. यंत्र एकच, जागा एकच, आणि आकडा पर्यटक यावेत म्हणून दिलेला नसतो. म्हणून पाया याचा घ्यायचा.

निसेकोसाठी कुत्चान (सुमारे १७६ मीटर उंचीवर), हाकुबासाठी हाकुबा (७०३ मीटर), नोझावा ओन्सेनसाठी त्याच नावाचं केंद्र (५७६ मीटर), म्योकोसाठी सेकियामा (३५० मीटर), आणि गाला युझावा व आसपासच्या रिसॉर्टसाठी युझावा (३४० मीटर). आओमोरीत हाक्कोदाला जाणाऱ्यांचं नशीब चांगलं, कारण सुकायूचं केंद्र ८९० मीटरवर, थेट डोंगरातच आहे. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी तिथे ५६६ सेंटीमीटर जाडी नोंदली गेली.

बाकीची बहुतेक केंद्रं गावात आहेत आणि स्की उतार त्यांच्या बरेच वर. हाकुबातल्या हाप्पो-ओने रिसॉर्टचा माथा सुमारे १,८३१ मीटरवर आहे, म्हणजे हाकुबाच्या केंद्रापेक्षा अकराशे मीटरहून अधिक उंच. त्यामुळे केंद्राचा आकडा हा उतारावरचा आकडा नाही. तो नाडीसारखा आहे: चढतोय की उतरतोय एवढंच त्यातून कळतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

सावधान: केंद्राचं नाव आणि रिसॉर्टचं नाव सारखं असलं तरी नकाशावर दोन्ही जागा पाहा. मधे डोंगररांग असेल तर ते केंद्र सोडा. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पलीकडच्या दुष्काळी पट्ट्यात पोचत नाही, तसंच जपानच्या समुद्रावरून आलेली ओल पहिल्या मोठ्या रांगेवर रिकामी होते.

## टप्पा २: वही आखा

स्प्रेडशीट चालेल, कागदी वहीही चालेल. रकाने एवढेच ठेवा:

१. तारीख आणि तास (रोज सकाळी ६, जपानी वेळ)
२. केंद्रावरची जाडी
३. काल याच तासाला असलेल्या जाडीशी फरक
४. मागच्या २४ तासांतला कोसेत्सु
५. मागच्या २४ तासांतलं किमान आणि कमाल तापमान
६. वाऱ्याची दिशा
७. रिसॉर्टने सांगितलेला ताजा बर्फ
८. प्रत्यक्षात कोणत्या लिफ्ट चालल्या

तिसरा आणि चौथा रकाना वेगळा का, हा प्रश्न नेहमी येतो. आमेदासवर कोसेत्सु काढताना दर तासाला जाडीत झालेली वाढ तेवढी मिळवतात. घट धरत नाहीत. पडलेला बर्फ मात्र स्वतःच्या वजनाने सतत दबत असतो. समजा काल सकाळी जाडी १८० होती आणि आज १८५ आहे. फरक फक्त ५, पण रात्रीचा कोसेत्सु १५ असू शकतो. फक्त तिसरा रकाना पाहणारा म्हणेल ‘काही पडला नाही’ आणि घरी बसेल. उलट चौथाच पाहणाऱ्याला खालचा थर किती बसला ते कळणार नाही. फरक आणि कोसेत्सु यांतलं अंतर मोठं असेल तर बर्फ झपाट्याने दबतोय. एक तर तो फार हलका होता, नाहीतर तापमान वाढलंय. पाचवा रकाना त्याचं उत्तर देतो.

तपासा: जुन्या नोंदींच्या पानावर आकड्याशेजारी एखादा बंद कंस किंवा फुली दिसली तर ती मोजणी अपुरी आहे किंवा झालेलीच नाही. तो दिवस कोरा सोडा. अंदाजाने भरू नका.

## टप्पा ३: हंगामाचा कल (नोव्हेंबर ते डिसेंबर अखेर)

इथे रोज आकडे पाहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे, आणि तेही सरासरीशी ताडून. हवामान संस्था १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी वापरते आणि ती बहुतेक केंद्रांसाठी उपलब्ध आहे. आपल्या केंद्राची डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीतली सरासरी जाडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एक महिन्याचा अंदाज दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता निघतो. त्यात तापमान आणि जपानी समुद्राच्या बाजूची हिमवृष्टी सरासरीपेक्षा कमी, इतकीच की जास्त, याची शक्यता टक्क्यांत असते. त्यावरून तारीख ठरवू नका, प्रदेश ठरवा. हिवाळा उबदार जाण्याची चिन्हं असतील तर उत्तरेकडे किंवा उंचावर सरका. २०१९-२० चा हिवाळा विक्रमी उबदार गेला आणि होन्शू या मुख्य बेटावरच्या कमी उंचीच्या रिसॉर्टना बर्फाअभावी मोठा फटका बसला. अशा वर्षी ८०० मीटरवरचा उतार आणि १,५०० मीटरवरचा उतार ही दोन वेगळी जगं असतात.

भारतातून येणाऱ्यांनी मुक्काम आधी ठरवावाच लागतो. त्यांना माझा सल्ला: जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर यांतला आठवडा घ्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यावर पैसे लावू नका. थंडी असते, पण खालची झुडपं आणि ओढे अजून झाकलेले नसतात, आणि अर्ध्या वाटा उघडलेल्या नसतात.

## टप्पा ४: दहा ते चार दिवस आधी – दाबाचा नकाशा

इथे सेंटीमीटर पाहूच नका. ॲपवर दहाव्या दिवशी ‘४७ सेंटीमीटर’ दिसेल, दुसऱ्या दिवशी ते १२ होईल आणि तिसऱ्या दिवशी ६०. त्या आकड्यामागे धावून लोक दोन-दोनदा आरक्षण बदलतात.

पाहायचा तो नकाशाचा आकार. जपानी वार्ताहर हिवाळाभर ‘सेइको तोतेइ’ म्हणतात: पश्चिमेला उच्च दाब, पूर्वेला कमी दाब. सैबेरियाकडची थंड कोरडी हवा जपानच्या समुद्रावरून येताना खालच्या उबदार पाण्यातून ओल उचलते आणि डोंगराला धडकून बर्फ टाकते. नकाशावर जपानवरून जाणाऱ्या समभार रेषा (सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या) उत्तर-दक्षिण उभ्या दिसल्या की हे यंत्र चालू झालं असं समजा.

मग त्या रेषांमधलं अंतर पाहा. इथे दोन प्रकार पडतात आणि बहुतेक लेख ते सांगतच नाहीत.

रेषा सरळ आणि दाट असतील तर वारा जोराचा. ओल डोंगरापर्यंत रेटली जाते आणि बर्फ उंचावर पडतो. याला यामायुकी, म्हणजे डोंगरातला बर्फ म्हणतात. रेषा सैल होऊन समुद्रावर पोटासारख्या फुगल्या आणि वरच्या थरात कडाक्याची थंडी असली, तर बर्फ किनाऱ्यावरच्या मैदानातच कोसळतो. हा सातोयुकी, गावातला बर्फ. निइगाता किंवा कानाझावा शहर ठप्प झाल्याची बातमी येते, आपण हुरळून डोंगरात जातो, आणि तिथे जेमतेम दहा सेंटीमीटर.

तिसरा नकाशा वेगळाच: दक्षिण किनाऱ्याला लागून जाणारं कमी दाबाचं क्षेत्र. ते तोक्यो आणि यामानाशीकडे बर्फ आणतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोफू शहरात अशाच वेळी ११४ सेंटीमीटर साठला होता. पण त्याच्यासोबत उबदार ओली हवा येते, आणि कमी उंचीच्या रिसॉर्टवर पाऊसही पडू शकतो. तोक्योत बर्फ पडतोय म्हणून युझावाला पडतोय, हा निष्कर्ष काढू नका.

तपासा: दोन वेगळ्या हवामान-प्रारूपांत, म्हणजे जपानी आणि युरोपीय, नकाशाचा आकार सारखा आहे का? सारखा असेल तर पुढे जा. नसेल तर दोन दिवस थांबा.

## टप्पा ५: तीन दिवस ते आदली रात्र – तापमान आणि वारा

आता दोन उंचींवरची थंडी पाहायची. साधारण १,५०० मीटरवर (८५० हेक्टोपास्कलचा थर) उणे ६ अंश असेल तर सखल भागातही बर्फ पडतो, पाऊस नव्हे. साधारण ५,००० मीटरवर (५०० हेक्टोपास्कल) उणे ३६ अंशांची हवा आली तर मोठ्या हिमवृष्टीची शक्यता. जपानी हवामानवृत्तात हे दोन ठोकताळे सतत ऐकू येतात. विंडी या संकेतस्थळासारख्या हवामान नकाशांवर हे थर निवडता येतात.

मग आपल्या उताराचं तापमान काढा. दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंश घट धरा. युझावाच्या केंद्रावर अधिक २ अंश असेल तर गाला युझावाच्या माथ्यावर, म्हणजे केंद्रापेक्षा ८४० मीटर उंचावर, साधारण उणे ३. खाली पाऊस आणि वर बर्फ असा दिवस यातूनच आधी ओळखता येतो. तसंच ०च्या आसपास पडलेला बर्फ ओला आणि जड असतो. पायाला शिशासारखा लागतो आणि दुसऱ्या दिवशी गोठून दगड होतो. उणे ८-१० मध्ये पडलेल्या त्याच १५ सेंटीमीटरची मजा वेगळी. म्हणून सेंटीमीटरच्या शेजारी अंश लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नका.

वाऱ्याबाबत एक साधी चूक फार वेळा होते. जपानी अंदाज मीटर प्रति सेकंदात असतात. ‘वारा १५’ वाचून आपण झुळूक समजतो. ते ताशी ५४ किलोमीटर असतात. माथ्यावर एवढा वारा दिसत असेल तर वरच्या लिफ्ट बंद राहतील असं धरूनच बेत करा. यामायुकीच्या दिवशी बर्फ आणि वारा सोबतच येतात. मी एकदा फक्त बर्फाचा अंदाज पाहून निघालो आणि अख्खा दिवस पायथ्याच्या दोन लिफ्टवर, दोनशे माणसांच्या रांगेत काढला. तेव्हापासून वाऱ्याचा थर आधी उघडतो, बर्फाचा नंतर. अशा दिवशी झाडीतून जाणारे, कमी उंचीचे उतार असलेलं रिसॉर्ट निवडा. तोच बर्फ दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर वर शाबूत मिळण्याचीही शक्यता असते.

सावधान: उत्तर-पश्चिमेचे वारे समुद्रावर एकमेकांना मिळून कधी कधी ढगांचा अरुंद पट्टा तयार होतो, बातम्यांत त्याला जेपीसीझेड म्हणतात. तो पट्टा जिथे किनाऱ्याला लागतो तिथे काही तासांत प्रचंड बर्फ पडतो, आणि तो थोडा सरकला की शेजारचा जिल्हा कोरडा राहतो. पट्ट्याची बातमी असेल तर सेंटीमीटरच्या अंदाजावर नेहमीपेक्षाही कमी भरवसा ठेवा आणि प्रवास सोपा ठेवा.

## टप्पा ६: निघण्याची सकाळ – हाच क्रम पाळा

क्रम महत्त्वाचा आहे, कारण रिसॉर्टचा आकडा आधी पाहिला की मन तयार होतं आणि मग बाकीच्या खुणा आपण त्याच्या बाजूने वाचायला लागतो.

पहिलं, केंद्र. सहाचा आकडा कालच्या सहाशी ताडा. मग रात्रीचे तास एकेक पाहा: बर्फ संध्याकाळी पडून थांबला की अजून पडतोय? मधेच तापमान ०च्या वर गेलं होतं का? गेलं असेल तर वर पातळ कडक पापुद्रा असेल.

दुसरं, कॅमेरा. काल दुपारी चारचं चित्र जपून ठेवलेलं असेल तर कामाला येतं. एक स्थिर वस्तू धरा: बाक, पाटी, कुंपणाचा खांब. तिच्यावर किती साठला ते पाहा. चित्रातली वेळ वाचायला विसरू नका. गोठून पडलेला कॅमेरा कालचंच निळं आकाश दाखवत बसतो.

तिसरं, हवामान संस्थेचा हिमवृष्टी नकाशा. सुमारे ५ किलोमीटरच्या चौकटींत गेल्या काही तासांची हिमवृष्टी, जाडी आणि पुढच्या काही तासांचा अंदाज त्यावर दिसतो. केंद्र गावात आणि उतार वर, ही पोकळी तो थोडी भरतो. पण हा गणिताने काढलेला अंदाज आहे, मोजणी नाही. केंद्राशी विसंगत दिसला तर केंद्रावर विश्वास ठेवा.

चौथं, रिसॉर्टचा अहवाल. मोजणी कुठची, माथ्याची की पायथ्याची? आणि कधीपासूनची? काही ठिकाणी २४ तासांची असते, काही ठिकाणी काल उतार बंद झाल्यापासूनची. हे एकदा शोधून सातव्या रकान्याच्या मथळ्यात लिहून ठेवा.

पाचवं, लिफ्ट. सकाळी ‘तयारी सुरू’ असलेली लिफ्ट अकराला उघडते किंवा उघडतच नाही. कोणती वाट आस्सेत्सु आणि कोणती हि-आस्सेत्सु, तेही इथेच पाहा.

सहावं, रस्ता. डिसेंबर २०२० मध्ये कान-एत्सु द्रुतगती मार्गावर, निइगाताच्या हद्दीत, दोन हजारांहून अधिक वाहनं बर्फात अडकली आणि सुटका व्हायला दोन दिवसांहून अधिक लागले. मोठ्या हिमवृष्टीचा इशारा असताना गाडीने निघू नका. बर्फासाठीचे स्टडलेस टायर असले तरी पुढचा ट्रक आडवा झाला की तुम्हीही थांबता. जोएत्सु शिंकान्सेनच्या बर्फाळ पट्ट्यात रुळांवर पाणी फवारून बर्फ वितळवतात, त्यामुळे ती सहसा चालू राहते. हाकुबाची ओइतो लाइन किंवा कुत्चानकडे जाणारी गाडी त्यामानाने लवकर थांबते, हे धरून परतीचा बेत ठेवा.

## टप्पा ७: दोराबाहेर जायचं असेल तर

वरचे सहाही टप्पे रिसॉर्टने दोर लावून आखलेल्या उतारांसाठी आहेत. त्यांवरून हिमस्खलनाचा अंदाज बांधू नका. भरपूर ताजा बर्फ आणि जोराचा वारा, म्हणजे आपल्याला हवासा दिवस, हाच स्खलनाचाही दिवस असतो.

हवामान संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा गाव-शहरांच्या पातळीवर असतो आणि हिवाळ्यात कित्येक दिवस सलग लागू राहतो. त्यातून एखाद्या उताराची अवस्था कळत नाही. त्यासाठी स्थानिक माहिती वाचा: निसेकोत रोज सकाळी हिमस्खलन माहिती प्रसिद्ध होते, हाकुबा भागासाठी जपान अॅव्हलान्च नेटवर्कची माहिती निघते. निसेकोत बाहेर जायचं ते फक्त ठरलेल्या फाटकांतून. फाटक बंद असेल तर कुणीही जायचं नाही, आणि युनोसावा भाग कायम बंद असतो. समोर ताज्या खुणा दिसल्या तरी दोराखालून जाऊ नका.

तपासा: बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं सिग्नल-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, ते वापरायचा सराव आणि सोबती, यांतलं एक जरी नसेल तर आत राहा. खोल बर्फात झाडाच्या बुंध्याशी पोकळी असते. तिच्यात डोक्यावर पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही.

## टप्पा ८: मार्चपासून पुढे

इथे वहीचा अर्थ बदलतो. आता जाडी रोज घटणारच. त्याने निराश होऊ नका. तिसऱ्या रकान्यापेक्षा पाचवा महत्त्वाचा. रात्री ०च्या खाली आणि दुपारी बराच वर, असा क्रम असेल तर सकाळी उतार कडक, दहा-अकराला वरचा थर सैलावून छान, आणि दोननंतर भातासारखा गिच्च. या दाणेदार बर्फाला झारामे म्हणतात. पूर्वेकडचे उतार सकाळी आधी सैलावतात, उत्तरेकडच्या उतारांवर थंड बर्फ जास्त टिकतो. म्हणून वहीत उताराच्या दिशेचा एक रकाना वाढवा.

रात्रभर ढग आणि तापमान ०च्या वर, असं दिसलं तर निघू नका. बर्फ गोठलेलाच नसतो आणि सकाळपासून पाय रुतत राहतात.

युझावाजवळचं कागुरा रिसॉर्ट साधारण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालतं. गास्सान या डोंगरावर हिवाळ्यात इतका बर्फ असतो की तिथली स्कीची सुरुवातच एप्रिलच्या सुमारास होते. एप्रिलच्या शेवटी गोल्डन वीकची सुटी धरून जाणाऱ्यांनी या दोन्हींची वही वेगळी ठेवावी. गावातल्या केंद्रावर तोवर जाडी शून्य झालेली असते आणि तिथला आकडा वरच्याबद्दल काही सांगत नाही.

हंगाम संपल्यावर एक काम उरतं. सातवा आणि चौथा रकाना शेजारी घेऊन पाहा, तुमच्या केंद्रावर १० सेंटीमीटर पडला तेव्हा वर साधारण किती निघाला. मग तेच सहाव्या रकान्यानुसार, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वेगळं करा. वायव्येच्या वाऱ्यात आणि पश्चिमेच्या वाऱ्यात उत्तर वेगळं येतं का, ते पाहा. येत असेल तर दोन्ही प्रमाणं पहिल्या पानावर, तीस वर्षांच्या सरासरीच्या खाली लिहा. नोव्हेंबरमध्ये वही पुन्हा उघडाल तेव्हा सुरुवात तिथून करा.